साधन आधी की आशय? आंतरक्रियात्मक जालकलेतील स्वतंत्र प्रकल्पाचे नियोजन

आंतरक्रियात्मक जालकलेच्या प्रगत वर्गात विद्यार्थ्यांकडून स्वतंत्र प्रकल्पाचा आराखडा मागविला जातो, तेव्हा त्याचा प्रारंभ बहुधा साधनाच्या नावाने होतो. कोणती संगणकभाषा, किती पाने, किती आठवडे यांची नोंद काटेकोर असते. परंतु प्रेक्षकाने टिचकी मारल्यावर आशयात नेमके काय घडावे, हा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात ढकललेला आढळतो. ही केवळ मांडणीतील उणीव नसून कलाविचारातील उणीव आहे. आंतरक्रिया ही सजावट मानली गेली की प्रेक्षकाची कृती पान उलटण्याइतकीच उरते.

या संदर्भात ओल्या लिआलिना या रशियन कलावतीची ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’ ही १९९६ मधील कृती तपासून पाहण्यासारखी आहे. युद्धावरून परतलेला तरुण आणि त्याची प्रेयसी यांच्यात संवाद जुळत नाही, एवढेच तिचे कथासूत्र. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आणि काही कृष्णधवल चित्रे, एवढीच सामग्री. प्रेक्षक शब्दावर वा चित्रावर टिचकी मारतो आणि पडद्याची चौकट दुभंगते. पुढच्या टिचकीला तिचे आणखी लहान तुकडे होतात. दोघांची वाक्ये वेगवेगळ्या चौकटींत अडकून पडतात आणि अखेरीस रिकामे काळे चौकोन उरतात. वस्तुतः पान विभागणारी ‘फ्रेम’ ही त्या काळातील संकेतस्थळांची सर्वसामान्य सोय होती. लिआलिना यांनी तिलाच दुराव्याचे रूप दिले. चित्रपटाशी असलेल्या त्यांच्या पूर्वसंबंधामुळे दृश्यांची जुळणी येथे एकामागून एक न होता एकाशेजारी एक होते, असेही म्हणता येईल. या कृतीचा आराखडा चार ओळींत लिहिता आला असता, आणि त्या चार ओळींत ‘टिचकी म्हणजे दुभंगणे’ हे वाक्य अनिवार्य ठरले असते. विद्यार्थ्याच्या आराखड्यात असे एक वाक्य सापडत नसेल, तर आठवड्यांचे वेळापत्रक कितीही नेटके असले तरी ते अपुरेच मानावे लागते.

अर्थात साधेपणा हाच गुण, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शू ली चेंग यांची ‘ब्रँडन’ (१९९८-९९) ही गुगेनहाइम संग्रहालयाने जालासाठी करवून घेतलेली पहिली कृती. ती अनेक सहकाऱ्यांच्या सहभागाने वर्षभर उलगडत गेली. तिचे नियोजन म्हणजे इतरांसाठी मोकळी ठेवलेली जागा होय. मात्र पुढे तिच्यातील जावा ॲपलेट ब्राउझरांत चालेनासे झाले आणि संग्रहालयाला तिची डागडुजी हाती घ्यावी लागली. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला, तेव्हा त्यावर उभी असलेली असंख्य विद्यार्थी-कामेही अशीच मुकी झाली. त्यांच्यामागे मात्र कोणतेही संग्रहालय नव्हते. साधन बाद झाल्यावर कृतीतील काय टिकले पाहिजे, याचे उत्तर आराखड्यातच मागणे म्हणूनच अगत्याचे आहे. ते देणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या कृतीचा गाभा आपोआप निश्चित करावा लागतो.

अधिक अवघड प्रश्न मूल्यमापनाचा आहे. गुणदानाच्या तक्त्यात ‘कृती सुरळीत चालते का?’ हा रकाना हमखास असतो. योन हेमस्केर्क आणि डिर्क पासमान्स या ‘जोडी’ नावाने काम करणाऱ्या द्वयीची १९९५ मधील एक कृती उघडल्यास पडद्यावर हिरव्या चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. पानामागील मूळ संहिता पाहिली, तर तिच्यात चिन्हांनी रेखाटलेली बाँबची आकृती आढळते. असा आराखडा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला तो रकाना शून्य गुण देईल, आणि विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असल्याने तो पुन्हा एक सुबक, विनातक्रार चालणारी चित्रमालिकाच सादर करील.