हस्तलिखित पाठविण्यापूर्वी

तळोदे परिसरातील होतकरू लेखक आपली हस्तलिखिते अभिप्रायार्थ आमच्याकडे आणतात. त्यांत एक दोष वारंवार आढळतो. घरची बोली पुसून तेथे पुस्तकी भाषा बसविलेली असते. संपादकांस हेच रुचते असा समज! खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांस लिहिता येत नव्हते. त्यांची कविता घरच्यांनी टिपून ठेविली. १९५१ साली त्या निवर्तल्या. पुढे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांस दाखविली आणि १९५२ साली संग्रह निघाला, तो त्यांच्या बोलीतच. ती बोली काढली असती, तर त्या काव्यातील शेत, जाते, चूल ही सारी निर्जीव झाली असती.

एका विद्यार्थ्याची अहिराणी कथा आम्हीच पूर्वी ‘शुद्ध’ करून दिली होती. ती साभार परत आली. त्याने पुन्हा लेखणी धरली नाही. तो दोष सर्वस्वी आमचा.

म्हणून नवोदितांस आमचे सांगणे एवढेच : मासिकाचे चार अंक वाचून मगच लेख पाठवावा, प्रत सुवाच्य असावी, दुसरी प्रत आपल्यापाशी ठेवावी. शुद्धलेखन जाणत्याकडून अवश्य तपासून घ्यावे. बोलीस मात्र कोणाचा हात लागू देऊ नये.