कलावंत आणि जमाखर्चाची वही

कलावंताने जमाखर्चाच्या वहीत डोके घालू नये, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. कवीच्या हाती प्राप्तिकराचे विवरणपत्र दिसले की आपण हळहळतो. आणि त्याने ते फेकून दिले, तर तेच प्रतिभेचे लक्षण मानतो. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी आम्ही आज संगणकावरील खेळांच्या कलेचे उदाहरण घेत आहो. आणि तीतही, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, एकट्यादुकट्याने प्रौढांसाठी रचलेल्या खेळांचे. असले खेळ म्हणजे पोरासोरांचा कालापव्यय, असे मानणाऱ्या वाचकांनी क्षणभर धीर धरावा.

लुकस पोप या अमेरिकन रचनाकाराने जपानात राहून, बहुतांशी एकट्याने सिद्ध केलेला 'पेपर्स, प्लीज' हा खेळ २०१३ च्या ऑगस्टात प्रसिद्ध झाला. स्थळ आर्स्टोट्झ्का नावाचे कल्पित राज्य, काल १९८२. खेळणाऱ्याने सीमेवरील तपासनिसाच्या खुर्चीत बसावयाचे, येणाऱ्याची कागदपत्रे ताडून पाहावयाची आणि शिक्का मारावयाचा. माणसे जितकी तपासावी तितके वेतन. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ ताकीद, पुढे दंड. रात्री भाडे, अन्न व घर उबदार ठेवण्याचा खर्च वजा घालावयाचा; पैसे पुरले नाहीत तर घरातले माणूस आजारी पडते. एका प्रसंगी नवऱ्याचे कागद बिनचूक असतात, परंतु त्याच्या मागून आलेल्या बायकोजवळ प्रवेशपत्र नसते. तिला आत सोडावे की नियम पाळावा? येथे खेळणाऱ्याचा अंगठा अडखळतो, आणि येथेच हा खेळ कलेच्या प्रांतात पाऊल टाकतो. नीरस कारकुनीतून करुणरस काढणे हे सामान्य काम नव्हे.

तथापि या कृतीत एक उणीव आम्हांस जाणवते. तिच्यातील कागद हे बहुधा संशयाचे हत्यार आहे. दुबळ्या माणसाची ढाल म्हणून तो तीत क्वचितच दिसतो. ही दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर खेळातील मेज सोडून खेळ रचणाऱ्यांच्या मेजाकडे वळले पाहिजे.

अमेरिकेत जो एकटा खेळ रचून विकतो, तो कायद्याच्या दृष्टीने स्वतःचा धंदा करणारा गृहस्थ ठरतो. विक्रीची दुकाने आपला वाटा आधीच कापून घेतात. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाचा वाटा सामान्यतः ३० टक्के असतो. उरलेल्यातून यंत्रे, चित्रकार, संगीतकार यांचा खर्च वजा जाता जी निव्वळ प्राप्ती राहील तीवर प्राप्तिकर, आणि शिवाय सामाजिक सुरक्षा व वृद्धांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी सुमारे १५ टक्के. हा कर अदमासाने एप्रिल, जून, सप्टेंबर व जानेवारी अशा चार हप्त्यांत भरावा लागतो. दिवसा नोकरी व रात्री खेळाची रचना करणाऱ्याच्या कित्येक रात्री या कागदांत जातात, हे आम्ही नाकारीत नाही. पुणे-नाशिककडचा एखादा तरुण याच दुकानात खेळ विकू लागला, तर त्यालाही आपण भारताचे करदाते असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. न दिल्यास अमेरिकेतील विक्रीच्या स्वामित्वधनातून ३० टक्के कर कापला जातो, दिल्यास उभय देशांच्या करारान्वये १५ टक्के. एका कागदाचे मोल एवढे आहे!

प्रौढ विषयांवर लिहिणाऱ्याला आणखी एक भय असते. टोपणनावाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. पण करपत्रावर खरेच नाव घालावे लागते. मात्र ते नाव व विवरण गुप्त राखण्याचे बंधन तेथील करखात्यावर कायद्याने आहे. शिवाय करखाते पैसा किती मिळाला हे विचारते. तो कोणत्या रसातून मिळाला याची उठाठेव करीत नाही. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चोरट्या दारूच्या धंद्याची मिळकतदेखील करपात्र ठरविली, ती याच न्यायाने.

आता बाजाराची रीत पाहा. पोप यांच्या खेळात प्रवाशांची झडती घेणाऱ्या यंत्रावर विवस्त्र आकृती दिसतात. माणसाची विटंबना दाखविणे हाच त्यांचा हेतू. २०१४ च्या डिसेंबरात अॅपलच्या दुकानाने त्या प्रथम अश्लील ठरवून काढावयास लाविल्या, आणि थोड्याच दिवसांत परत येऊ दिल्या. २०२५ च्या जुलैत तर इच या स्वतंत्र रचनाकारांच्या दुकानाने प्रौढ मजकुराचे खेळ आपल्या सूचीतून एकाएकी दिसेनासे केले. पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांच्या दडपणामुळे हे करावे लागले, असे दुकानानेच जाहीर केले. त्यांत भडक माल होता, तसेच गंभीर कृतीही होत्या. निवड करण्यास कोणी थांबले नाही. रचनाकारांना आधी नोटीस नव्हती, की आपली बाजू मांडण्याची संधी नव्हती.

याच्या उलट, अमेरिकन चित्रकर्त्री सुझन क्राइल यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्या महाविद्यालयात शिकवीत, आणि चित्रकलेत बहुतेक वर्षी तोटाच सोशीत. तेव्हा त्यांची चित्रकला नफ्यासाठी केलेला व्यवसाय नव्हे, असे करखात्याचे म्हणणे पडले. २०१४ साली करन्यायालयाने निकाल दिला तो क्राइल यांच्या बाजूने. प्रदर्शने, विक्री, व्यवहाराच्या नोंदी यांचा विचार करून त्या व्यावसायिक चित्रकार आहेत असे ठरले. प्रत्येक खर्च मान्य झाला, असा याचा अर्थ नव्हे. परंतु हे काम चाळा नसून व्यवसाय आहे, ही गोष्ट लेखी पुराव्याने शाबीत झाली. दुकानाच्या सूचीतून रातोरात पुसल्या गेलेल्या रचनाकाराला असे न्यायासन कोठे आहे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, विवरणपत्राचा कंटाळा येणे स्वाभाविक असले तरी त्याचा तिरस्कार करणे कलावंताच्या हिताचे नाही. ज्याच्या कलेस समाज नाक मुरडतो, त्याला तर वहीची गरज अधिक आहे. आपण काय रचले, त्यासाठी किती वेचले आणि कोणी ते विकत घेतले, हे त्याने रोजच्या रोज टिपून ठेवावे. कृती सरस की नीरस याचा निवाडा रसिक करतील, आणि तो त्यांनीच करावा. परंतु ती श्रमाची आणि सचोटीची होती, अशी साक्ष देण्याचा प्रसंग आला, तर त्या वेळी ही वहीच त्याच्या बाजूने बोलेल.