मायन्याच्या खाली

वऱ्हाडातल्या घाटाखालच्या माणसाला आपल्या मुलखाचा जुना कागद पाहायचा असेल, तर एका कचेरीत भागत नाही. तिथल्या मोताळ्याचेच घ्या, ते आधी मलकापूर तालुक्यात. वऱ्हाडावर अंमल निजामाचा, वसुलात वाटा भोसल्यांचा, आणि 1853 च्या तहानंतर कारभार इंग्रजांच्या हाती. म्हणजे हैदराबाद, नागपूर आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार असे तीन उंबरे झिजवायचे. पण कागदाची गोडी लागायची असेल, तर आधी पुण्याचे पेशवे दफ्तर गाठावे.

तिथे कागद रुमालात बांधलेले असतात. गाठ सोडली की पहिल्यांदा नजरेत भरते ती पानभर आडवी ओढलेली रेघ. मोडी लिहिणारा ती आधी मारून घेतो आणि मग हात फारसा न उचलता बोरूने अक्षरे तिच्याखाली जोडत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही. ओळ लागते ती संदर्भाने. वाचणाऱ्याला डोके चालवावेच लागते.

पत्राची घडण तर फार देखणी. आधी राजमान्य राजश्री, मग इकडील कुशल, तिकडचे कुशल. शेकडो पत्रांत हेच, आणि कारकुनाचा हात इथे सवयीने धावतो. मग ‘विशेष’ येते आणि पत्र जागे होते. वैरण संपली, शिबंदीचा पगार थकला, सावकार दारात बसला. एका विशेषणाचाही आधार न घेता सांगितलेली ही हलाखी मायन्याच्या अदबीखाली जास्तच बोचते. आणि एवढे सांगून झाल्यावर पुन्हा ‘बहुत काय लिहिणे’! संयमाचा असा वस्तुपाठ आपल्या ललित गद्यातही विरळाच. तारखेतला महिना बहुधा मुसलमानी, सफर नाहीतर रजब. लिहिणारा ब्राह्मण कारकून असला तरी त्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात या दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापून काढले. उपकार थोर. तरी बालबोध छपाईत सगळ्या ओळी सारख्याच नेटक्या होतात. मुळात मात्र एखादा आकडा खोडून वर दुसरा घातलेला असतो, राहिलेली गोष्ट समासात उभी कोंबलेली असते. कुणाला किती द्यायचे यावर लिहिणारा कुठे अडला, ते त्या खाडाखोडीतच दिसते.