भृंगीची कथा आणि वजनाचा कांटा

वेरूळचीं लेणीं पाहावयास गेलेला मनुष्य कैलासाच्या भव्यतेनें बहुधा इतका दिपून जातो कीं, आजूबाजूच्या लहान लेण्यांपर्यंत पोंचतां पोंचतां त्याची नजर थकलेली असते. तथापि मनुष्यदेहाकडे आपले पूर्वज कोणत्या दृष्टीनें पाहत, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यांत थोडा अधिक वेळ उभें राहावें. 'रावण की खाई' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या चौदाव्या लेण्यांत सप्तमातृकांच्या ओळींतच लंबोदर गणपति बसला आहे, आणि जवळच हाडांचा सांपळा झालेली काळाची मूर्ति आहे. एकविसाव्या, म्हणजे 'रामेश्वर' लेण्यांतील मातृकांच्या दालनांतहि हाच विरोध दृष्टीस पडतो: एकीकडे तुंदिलतनु गणपति, दुसरीकडे बरगड्या मोजून घ्याव्या असे काल आणि काली, आणि त्यांच्याच सोबतीस भरल्या अंगाच्या मातृका. स्थूल तेवढें निंद्य व कृश तेवढें सुंदर, असा सोपा नियम ह्या शिल्पकारांनीं मानलेला दिसत नाहीं. लंबोदराच्या पोटांत त्यांना समृद्धि दिसली, कालीच्या सुकलेल्या कुशींत मृत्यु दिसला. आणि ज्या देहांतून जीवन पुढें चालावयाचें त्या मातृदेहास त्यांनीं पुष्ट ठेविलें.

चौदाव्या लेण्यांतच शिवाच्या नृत्याचें जें शिल्प आहे, त्यांत भृंगी नांवाचा भक्त अस्थिपंजररूपानें कोरलेला आहे. त्याची कथा वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आपण भजेन तर एकट्या शिवास, पार्वतीस नमस्कारहि करणार नाहीं, असा त्यानें हट्ट धरिला. तेव्हां आईकडून मिळणारें जें रक्तमांस तें देवीनें त्याच्या देहांतून काढून घेतलें. भृंगी हलका झाला खरा, परंतु त्यास उभें राहतां येईना; शेवटीं शिवानें त्यास तिसरा पाय दिला. देहांतून किती गेलें यापेक्षां काय गेलें हें पाहावें, हा या कथेचा व्यवहारांतला अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

ही कथा येथें सांगण्याचें कारण असें कीं, ज्या प्रश्नाचा विचार आम्हांस करावयाचा आहे, त्यांत नेमकी हीच गोष्ट विसरली जात आहे. स्थूलतेवर आठवड्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचीं औषधें आपल्या देशांत आलीं आहेत. टिर्झेपटाइड हें 'मौंजारो' या नांवानें मार्च २०२५ मध्यें, आणि सेमाग्लुटाइड हें 'वेगोव्ही' या नांवानें जून २०२५ मध्यें येथें विक्रीस आलें. पुढें सेमाग्लुटाइडच्या पेटंटाची मुदत मार्च २०२६ मध्यें संपली आणि देशी कारखान्यांसहि तें तयार करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हांपासून सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत एकच पृच्छा ऐकूं येते: दोहोंत सरस कोणतें? दोन गवयांची तुलना करावी तशी ही तुलना चालते. औषध कोणीं घ्यावें व कोणीं घेऊं नये हें सांगणें डॉक्टरांचें काम आहे. तें आम्ही आपल्या शिरावर घेत नाहीं. परंतु तुलना कोणत्या मापानें करावी हा टीकेचा प्रश्न आहे, आणि त्याविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

प्रथम या औषधांची कुळकथा. आपण जेवलों म्हणजे आंतड्यांतून कांहीं हार्मोन रक्तांत उतरतात व 'आतां पुरे' असा निरोप मेंदूस पोंचवितात. त्यांपैकीं जीएलपी-१ नांवाच्या हार्मोनची सेमाग्लुटाइड ही नक्कल होय. मूळ हार्मोन रक्तांत कांहीं मिनिटेंच टिकतो. नक्कल आठवडाभर टिकावी अशी तिची घडण केली आहे. या घराण्यांतील पहिलें औषध एक्झेनाटाइड. तें २००५ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें, आणि त्याची मूळ कल्पना गिला नांवाच्या विषारी सरड्याच्या लाळेंत सांपडलेल्या एका द्रव्यावरून निघाली. त्यानंतर आलेलें लिराग्लुटाइड रोज टोंचून घ्यावें लागतें. टिर्झेपटाइड हें जीएलपी-१ बरोबर जीआयपी नांवाच्या दुसऱ्या हार्मोनचेंहि काम करितें. दोन्ही औषधें मुळांत मधुमेहाकरितां निघालीं, आणि भूक ओसरून वजन उतरतें हा गुण पुढें त्यांचा मुख्य लौकिक झाला.

या औषधांचें एक ऋण आम्ही आरंभींच मान्य करितों. लठ्ठ मनुष्य म्हणजे खादाड, आळशी व मनाचा दुबळा, अशी समजूत आपल्या समाजांत खोल रुजलेली आहे. आमच्या प्रहसनांतून व विनोदी कथांतून तर लठ्ठ पात्र प्रवेश करितांच हंशा पिकावा अशी योजना असते. आणि घरांत तोच हंशा टोमण्यांचें रूप घेतो. ज्या मनुष्यानें वीस वर्षें दर पाडव्यास मिताहाराचा संकल्प केला व दर वर्षीं तो मोडला, तोच एका हार्मोनची नक्कल टोंचून घेतांच ताटांतली पोळी सहज बाजूस सारतो; तेव्हां त्याचें पूर्वींचें अपयश शीलाचें कसें म्हणावें? भुकेची दोरी पुष्कळ अंशीं शरीराच्या हातीं आहे, हें या औषधांनीं दाखविलें. यापुढें लठ्ठपणावरून कोणास हिणविणें हें क्रूर तर खरेंच, पण अज्ञानाचेंहि लक्षण मानलें पाहिजे.

आतां तुलनेकडे वळूं. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत ६८ आठवड्यांनीं लिराग्लुटाइडनें सरासरी ६.४ टक्के व सेमाग्लुटाइडनें १५.८ टक्के वजन उतरलें. २०२५ मध्यें सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड यांचा समोरासमोर सामना झाला. ७५१ स्थूल माणसांवर ७२ आठवडे चाललेल्या या परीक्षणांत पहिल्यानें १३.७ टक्के, तर दुसऱ्यानें २०.२ टक्के वजन घटलें. कंबरेचा घेर अनुक्रमें १३ व १८.४ सेंटिमीटरांनीं कमी झाला. पोटाच्या तक्रारींमुळें औषध सोडणाऱ्यांचें प्रमाणहि टिर्झेपटाइडकडे कमी होतें. केवळ वजनाचा कांटा प्रमाण मानला तर निकाल स्पष्ट आहे.

परंतु ग्रंथाचें परीक्षण करितांना जसा लेखक, प्रकाशक व वाचकवर्ग पाहावा लागतो, तसें येथेंहि पाहिलें पाहिजे. या परीक्षणाचा खर्च टिर्झेपटाइड करणाऱ्या एली लिली कंपनीनें सोसला होता, आणि आपणांस कोणतें औषध मिळत आहे हें घेणाऱ्यास ठाऊक होतें. एवढ्यावरून आंकडे खोटे ठरत नाहींत. इतकें मोठें अंतर अशा कारणांनीं पडत नाहीं. अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्यांच्यावर परीक्षण झालें ते लोक अमेरिका व प्वेर्तो रिको येथील असून त्यांचें सरासरी वजन सुमारें ११३ किलो होतें, आणि मधुमेह असलेल्यांस त्यांत घेतलें नव्हतें. मधुमेही माणसाचें वजन या औषधांनीं एवढें उतरत नाहीं, हें इतर परीक्षणांवरून दिसून आलें आहे. शिवाय माप बदललें कीं सरसपणाहि बदलतो. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकार असलेल्या १७,६०४ माणसांच्या परीक्षणांत, मधुमेह नसतांहि, सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगानें मृत्यु यांचें प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलें. उलट झोपेंत श्वास अडकण्याच्या विकारावर टिर्झेपटाइडला अमेरिकेंत २०२४ मध्यें मान्यता मिळाली. म्हणजे 'सरस कोणतें' या प्रश्नाआधीं 'कशासाठीं' हा प्रश्न आला पाहिजे.

येथेंच भृंगीची कथा उपयोगी पडते. कांटा किलो सांगतो. त्या किलोंत मेद किती व मांस किती हें सांगत नाहीं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या परीक्षणांत कांहीं जणांच्या शरीराचें निराळें मोजमाप घेतलें, तेव्हां उतरलेल्या वजनाचा सुमारें दोन पंचमांश भाग मेदाखेरीज इतर, म्हणजे स्नायु, पाणी इत्यादींचा निघाला; टिर्झेपटाइडच्या तशाच मोजमापांत हा भाग सुमारें एक चतुर्थांश होता. उपवासानें वजन उतरविलें तरी मांस थोडें जातेंच, हें खरें. पण ११३ किलोंच्या माणसास जो व्यय परवडतो तो मूळच्या किरकोळ स्नायूंच्या माणसास परवडेल काय?

आणि आपण तसेच आहों. याविषयींचें सर्वांत बोलकें काम आपल्या महाराष्ट्रांतच झालें आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचें छायाचित्र २००४ मध्यें 'लॅन्सेट' साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजन काढण्याचा जो बीएमआय नांवाचा आंकडा, तो दोघांचाहि २२.३ च होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत याज्ञिक यांनीं जीं नवजात बालकें मोजलीं त्यांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो, तरी आपल्या बालकांत त्या मानानें कमतरता स्नायूंची होती, मेदाची फारशी नव्हती. दिसावयास किडकिडीत व आंतून मेदयुक्त, असा हा देह आहे. म्हणूनच भारतीयांकरितां बीएमआय २३ पासून जादा वजन व २५ पासून स्थूलता धरावी, असें आपल्या तज्ज्ञांनीं २००९ मध्यें ठरविलें. या औषधांस मिळालेली मान्यता मात्र ३०, अथवा एखादा आनुषंगिक विकार असल्यास २७, या मर्यादेची आहे. म्हणजे आपला रोग लवकर सुरू होतो, आणि खर्चण्याजोगें मांस आपणांपाशीं कमी असतें. केवळ किलोंची तुलना या पेंचास स्पर्शहि करीत नाहीं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. सेमाग्लुटाइडच्या परीक्षणानंतर ज्यांचें औषध बंद झालें, त्यांच्यावर एक वर्ष लक्ष ठेवितां असें आढळलें कीं, उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत चढलें. टिर्झेपटाइडचीहि गत फारशी निराळी नाहीं. तेव्हां हें औषध म्हणजे चार महिन्यांचा काढा नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखी ही दीर्घकाळची सोबत आहे, आणि घरच्या खर्चाच्या वहींत तिला कायमची ओळ द्यावी लागेल. ज्या घरांत औषध आलें त्या घरांत डाळ, दूध, अंडीं यांचा वांटा वाढला नाहीं व वजनें उचलण्याचा व्यायाम सुरू झाला नाहीं, तर भूक मेलेला मनुष्य चहा-बिस्किटावर दिवस काढील आणि कांट्यावर समाधान मानील. भृंगीस तिसरा पाय देवानें दिला. आपणांस तो स्वयंपाकघरांतून व व्यायामशाळेंतूनच मिळवावा लागेल.

आम्हांस खरी काळजी वाटते ती लग्नाच्या मुलींची. मधुमेह नाहीं, रक्तदाब नाहीं, गुडघे दुखत नाहींत. केवळ मुलगी 'पाहण्याच्या' दिवशीं सडपातळ दिसावी म्हणून इंजेक्शनाची चौकशी होत असेल, तर तो औषधाचा उपयोग नव्हे, जुन्या टोमण्याचेंच नवें रूप आहे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचा बीएमआय ३० होण्यास सुमारें ८२ किलो वजन लागतें. साठ किलोंची मुलगी त्या मर्यादेच्या जवळपासहि नाहीं. या औषधांनीं मळमळ, ओकारी, बद्धकोष्ठ पुष्कळांस होतें. क्वचित् पित्ताशयांत खडे होतात किंवा स्वादुपिंडास सूज येते. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा घराण्यांत इतिहास असल्यास तीं वर्ज्य आहेत. गर्भारपणांत तीं घ्यावयाचीं नसतात. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधीं बंद करावें लागतें. विवाहापूर्वीं चोरून सुरू केलेलें औषध विवाहानंतर सांगावयाचें कोणीं, हा प्रश्न त्या मुलीवर एकटीवर येऊन पडतो.

चरकानें निंद्य मानलेल्या आठ देहांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन्हीहि घातले आहेत. दोहोंत कृशता बरी असें तो म्हणतो. परंतु कृशतेस त्यानें निर्दोष ठरविलेलें नाहीं. आमचा अभिप्रायहि त्याच धर्तीचा आहे. वजन उतरविण्याच्या सामर्थ्यांत टिर्झेपटाइड पुढें आहे. हृदयरोग्याच्या बाबतींत सेमाग्लुटाइडच्या पाठीशीं मोठा पुरावा आहे. आणि ज्यास रोग आहे त्यानें संकोच न करितां यांची वाट डॉक्टरांस विचारावी. परंतु घरांत ही गोष्ट निघाली म्हणजे औषधाच्या नांवाआधीं चार प्रश्न विचारले जावे: रोग कोणता, कंबरेचा घेर किती, ताटांत डाळ किती, आणि हें किती वर्षें चालवावयाचें. या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्या घरांत नीट दिलीं जातील, तेथें दोहोंपैकीं कोणतें औषध हा प्रश्न डॉक्टरांशीं घटकाभर बसून सुटण्यासारखा आहे.