‘ऐकणे’ आणि ‘मानणे’ : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील सत्यनिष्ठा

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आवाज कानी पडणे हा पहिला आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. ‘मुलगा ऐकत नाही’ असे म्हणताना त्याच्या श्रवणशक्तीविषयी कोणी बोलत नसते. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा असून त्यातूनच सेवेचा अर्थ निष्पन्न झाला. हिब्रूतील ‘शामा’ हे क्रियापद ऐकणे व पाळणे या दोन्ही अर्थांनी येते, आणि नव्या करारातील आज्ञाधारकतेचा ‘हुपाकोए’ हा ग्रीक शब्दही श्रवणवाचक धातूपासूनच सिद्ध झाला आहे. या दृष्टीने पाहता ख्रिस्ती आज्ञापालन म्हणजे, हुकूम मानण्यापूर्वी, अनेक आवाजांतून एका आवाजाची निवड करणे होय. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्तामुळे घरातल्या माणसांतच पडणाऱ्या फुटीचे जे भाकीत आहे, त्याचा रोख याच निवडीकडे आहे. मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचे मूल्यमापन करताना हीच कसोटी लावणे अधिक फलदायी ठरते. बाप्तिस्म्याचा प्रसंग किती हृद्य उतरला आहे, हा त्या मानाने दुय्यम प्रश्न होय.

निवडीची किंमत जाणल्यावाचून निवडीचे मोल कळत नाही. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क नष्ट होऊ नये, अशी तरतूद १८५० च्या एकविसाव्या कायद्याने केली. तथापि कायद्याने मालमत्ता राखली, तरी पंक्ती राखता आली नाही. सोयरीक, सुतक, सणवार, पाणवठा आणि पंगत यांनी एकोणिसाव्या शतकातील माणसाचे जीवन विणलेले होते. हे सर्व एका दिवसात तुटत असे. सामाजिक सुख म्हणजे केवळ प्रतिष्ठेचा लोभ, असे समजणारा लेखक म्हणूनच आपल्या विषयाला न्याय देऊ शकत नाही.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे महत्त्व येथे ध्यानात येते. १८५४ साली बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तत्पूर्वी ते परमहंस मंडळीचे सभासद होते. मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या या मंडळीस व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे मार्गदर्शन होते. जातिभेद असत्य आहे, हे सभासदांस पूर्णपणे पटले होते; ते बंद दाराआड सहभोजन करीत आणि घरी परतल्यावर जातीचे नियम पूर्ववत् पाळीत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. सत्य खोटे ठरले म्हणून ती मोडली नाही. सत्य आपले आहे, हे लोकांस कळले म्हणून मोडली. पटणे आणि मानणे यांतील अंतर दाखविणारे याहून बोलके उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे.

हे अंतर पदमनजींनी स्वतःच्या ठायीही ओळखले होते. बुद्धीला पटलेले आचरणात उतरेपर्यंत जो काळ जातो, त्याचा हिशेब देणे हा ‘अरुणोदया’चा खरा विषय होय. ग्रंथवाचन, वादविवाद, शंका व त्यांचे निरसन अशा पायऱ्यांनी त्यांचे निवेदन पुढे सरकते. या पद्धतीचा गुण असा की, विलंबाची कारणे उघड होतात. तिचा दोष असा की, निर्णय झाल्यावर मागे राहिलेले जग अंधाराच्या खात्यात जमा होते. ग्रंथाचे नावच तसे सुचविते : अरुणोदयापूर्वी जे होते ती रात्र. रात्रीतही माया होती, हे सांगण्यास या रूपकात फारशी जागा उरत नाही. खंडनमंडनाच्या परंपरेत घडलेली ही भाषा सत्याची बाजू समर्थपणे मांडते. पण त्यागलेल्या सुखाचे वजन करण्यास ती अपुरी पडते.

हे वजन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) प्रथम पुरतेपणी उतरले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. सत्याची निवड पतीने केली. वियोगाची वर्षे मात्र पत्नीच्या वाट्यास आली. त्यातील बराच काळ त्यांनी पंढरपुरात, लहान मुलाला घेऊन, नातलगांच्या आधाराने काढला. एकाने ऐकलेल्या आवाजाचे मोल दुसऱ्याने का द्यावे, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ कोठेही तात्त्विक स्वरूपात विचारीत नाही. परंतु तो सबंध ग्रंथात भरून राहिला आहे. सत्यनिष्ठेचा गौरव करणाऱ्या समीक्षेला त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही.

लक्ष्मीबाईंचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर पतीला दोषी ठरवून दिले नाही आणि पतीचा निर्णय मुकाट्याने शिरोधार्य मानूनही दिले नाही. नगरास पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे निराळे ठेवले. तत्कालीन स्त्रीधर्माच्या दृष्टीने पतीचे ऐकणे हेच आज्ञापालन होते. तसे त्यांनी तत्काळ ऐकले असते, तर धर्म बदलला असता. श्रद्धा बदलली नसती. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, ही जाणीव त्यांना स्वतःच्या विचारातून झाली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या वतीने सत्य ऐकता येत नाही, हा या ग्रंथाचा गाभा होय. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याची जी चित्रे त्यांनी रंगविली आहेत, त्यांत विनोद आहे, तिरस्कार नाही. सोडलेल्या घराची भाषाच त्या अखेरपर्यंत लिहितात. म्हणून ते घर सोडण्याचे दुःख वाचकास पटते.

नव्या समाजात प्रवेश झाला म्हणजे परीक्षा संपली, असेही नाही. कारण त्या समाजालाही त्याचे सुख आणि त्याची पंक्ती असते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो इंग्रजी पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ख्रिस्ताची आज्ञा मान्य, पण चर्चची प्रत्येक शिकवण केवळ अधिकाराच्या बळावर मान्य नाही, ही त्यांची भूमिका त्यातून स्पष्ट होते. ज्यांच्या आश्रयाने राहावयाचे, त्यांनाच नकार देणे हे स्वकीयांना नकार देण्याहून सोपे नव्हते. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान दिले. १८९५ मध्ये जात सुटली. १९१७ मध्ये वेतन सुटले. ही दुसरी निवड लक्षात घेतली, तर पहिलीचा हेतू ऐहिक लाभाचा होता, हा जुना आक्षेप फारसा टिकत नाही.

‘अरुणोदय’ पटणे व मानणे यांतील दरी दाखविते. ‘स्मृतिचित्रे’ ती ओलांडताना कोणाकोणास काय द्यावे लागले, हे दाखविते. पहिल्यात सत्याचा युक्तिवाद आहे, दुसऱ्यात सत्याची किंमत आहे. साहित्य म्हणून दुसऱ्या ग्रंथाचे श्रेष्ठत्व निर्विवाद होय. परंतु मनुष्याला जे खरे वाटते ते उघडपणे मानण्यास तो का कचरतो, हे समजून घेण्यासाठी पहिल्याकडेच वळावे लागते. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्यासच ‘ऐकणे’ या साध्या क्रियापदाचा पूर्ण भार लक्षात येतो.