स्थानकाचे नाव आणि कॅमेऱ्याची जागा

आपल्याकडे चित्रपटसमीक्षा कथेवर, अभिनयावर आणि संगीतावर लिहिते. फार तर 'छायाचित्रण उत्तम' असे एक वाक्य टाकून मोकळी होते. चित्रीकरण कुठे झाले, तिथे कॅमेरा उभा करायला किती हात जागा होती, परवानगी कोणाची लागली, हे प्रश्न निर्मिती-व्यवस्थापकाच्या वहीत राहतात. भरपूर पैसा असलेल्या चित्रपटाबाबत हे एक वेळ चालेल, कारण तिथे जागा विकत घेता येते किंवा उभारता येते. कमी भांडवलाच्या स्वतंत्र चित्रपटात मात्र शैलीचे निम्मे निर्णय जागाच घेते. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यापुरते हे तपासून पाहायचे आहे.

या पट्ट्याचा विचार करताना पहिले नाव अर्थातच निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'चे (2005). दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट, नायकाच्या भूमिकेत संदीप कुलकर्णी, कॅमेऱ्यामागे संजय जाधव. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे एके दिवशी बिनसतो आणि हाती बॅट घेऊन शहराला जाब विचारू लागतो. जोएल शूमाकर यांच्या 'फॉलिंग डाउन'शी (1993) त्याचे नाते तेव्हाच दाखवले गेले होते. तुलना मात्र कथानकाच्या साम्यापाशीच थांबली. खरा फरक जागेचा आहे. लॉस एंजेलिसचा नायक वाहतूक कोंडीत अडकतो, मोटारीचे दार उघडतो आणि चालू लागतो. त्याचे बंड दार उघडण्यापासून सुरू होते. आपट्यांना ती सोय नाही. डोंबिवलीहून सुमारे 48 किलोमीटरवरच्या मुंबईला जाणाऱ्या लोकलचे दार उघडेच असते आणि त्यात माणसे लोंबकळत असतात. इथे एकट्याने बाहेर पडायचे म्हणजे आधी शेजाऱ्याच्या खांद्याखालून हात सोडवावा लागतो. परक्या कथेचा मराठीपणा संवादांपेक्षा या डब्यात अधिक आहे.

आता डब्याचा विचार चित्रीकरणाच्या बाजूने करू. दुसऱ्या वर्गात समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे जवळजवळ टेकतात. कॅमेऱ्याला जागा मोजक्याच: दाराजवळचा खांब, दोन बाकांमधली बोळकांडी, खिडकीलगतचा कोपरा. मागे सरकायला वाव नाही, म्हणून चेहरा एकतर फार जवळून दिसतो, नाहीतर चार डोक्यांच्या फटीतून. प्रकाश बाहेरून येतो आणि दर क्षणी बदलतो. 2005 साली फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. 1916 साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. धावत्या फास्टमध्ये सलग दृश्य घेणाऱ्या कोणालाही तो अंधार हिशेबात धरावाच लागे. 2022 मध्ये ठाणे-दिव्यादरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर फास्ट लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगदा मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील विजेचे डी.सी.वरून ए.सी.मध्ये रूपांतरही 2015 मध्ये पुरे झाले. गाड्या बदलल्या, त्यांच्या मोटरींचा आवाज बदलला. सुटताना येणारा जुना घरघरता सूर आता फक्त त्या काळच्या ध्वनिफितींवर उरला असेल. कथेसाठी घेतलेले चित्रण वीस वर्षांत दस्तऐवज होते ते असे.

यावर दुसरा मार्ग आहेच. रीतसर परवानगी काढायची, शुल्क भरायचे आणि स्वतंत्र गाडी घेऊन तिच्यात गर्दी भरायची. पण भाड्याची गर्दी ओळखू येते. तिला चौथी सीट म्हणजे काय ते ठाऊक नसते. तिघांच्या बाकावर चौथ्याने किती टेकायचे, टेकल्यावर पाय बाहेर कुठे ठेवायचा, उतरणाऱ्याने कोणत्या स्थानकापासून दाराकडे सरकायला लागायचे, फलकूटदादाला न दुखावता बॅग फळीवर कशी चढवायची, ही सारी वर्षानुवर्षांची अंगवळणी पडलेली शिस्त. ती दिवसाच्या मोबदल्यावर मिळत नाही. पैसा नसलेला दिग्दर्शक म्हणूनच चालू गाडीत लहान कॅमेरा घेऊन शिरतो. त्याची अडचण आणि त्याचे सत्य एकाच डब्यातून प्रवास करतात.

तरीही जवळीक म्हणजे धावपळच, असे नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी काम आटोपून लोकलने घरी जातात. बायकांच्या डब्यात घरगुती बोलणे चालते. कॅमेरा स्थिर, घाई नाही. न्यायालयात कलमे धाडधाड वाचणारी बाई इथे तेल-तुपाचा विचार करते. त्या चित्रपटातले न्यायालय उभारलेले आहे. खऱ्या न्यायालयात असे चित्रीकरण होणे नव्हते. उभारलेली जागा आणि खरी जागा एकाच चित्रपटात शेजारी बसतात आणि सांधा दिसत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या स्थळ-चित्रीकरणातले हे सर्वांत कठीण काम. 'डोंबिवली फास्ट'च्या डब्यात माणूस दाबला जातो, 'कोर्ट'च्या डब्यात तो सैलावतो. रेल्वे तीच. म्हणजे जागा शैली ठरवते हे खरे, पण सर्व काही ठरवत नाही.

माझ्या म्हणण्याला आणखी एक अडसर आहे, तो टाळता येणार नाही. कामतांनी हीच कथा 2007 मध्ये तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' म्हणून पुन्हा केली, नायक आर. माधवन. कथा चेन्नईत तगली. मग डोंबिवलीची गरज होती का? शीर्षकाकडे पाहावे. तमिळ नावाचा अर्थ 'कुणी एक' असा. स्थानक गळले आणि माणूस कोणीही झाला. मराठी नावात माणूसच नाही, फक्त गाडी आहे. मुंबईच्या घड्याळाला बांधलेल्या लाखो लोकांचा पत्ता म्हणजे ती गाडी.

आणि इथेच या पट्ट्याचे गाऱ्हाणे सुरू होते. 'डोंबिवली फास्ट'मधला संघर्ष बराचसा मुंबईत घडतो. डोंबिवली सकाळी निघण्याची आणि रात्री परतण्याची जागा. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (2022) खरोखर डोंबिवलीचा विषय घेतो: टॉवर, लगतची वस्ती आणि पाणी. पण महामारीच्या काळातला तो चित्रपट मुख्यतः लातुरात चित्रित झाला. यात निर्मात्याला दोष देण्यासारखे काही नाही. उपनगरातला टॉवर कुठेही सारखाच दिसतो, या गृहीतावर प्रेक्षकानेही हरकत घेतली नाही. ते मला अधिक बोचते.

कारण सिनेमाला माणसे पुरवण्यात हा पट्टा मागे नाही. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर यांच्या आसपास एकांकिकांच्या तालमी करत मुले वाढतात आणि पुढे लोकल पकडून अंधेरी-गोरेगावला कामाला जातात. कॅमेरा मात्र उलट दिशेची गाडी क्वचित पकडतो.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची जी गर्दी लोटते ती कोणत्याही कलादिग्दर्शकाला उभारता येणार नाही. नवे कपडे, गणेश मंदिराकडे जाणारी रांग, गर्दीत हरवून पुन्हा सापडणारे मित्र. इथे रेल्वेचे शुल्क नाही, बोगद्याचा अंधारही नाही. उजेड मात्र झपाट्याने वाढत जातो. पहाटेच्या निळसर छटेपासून कोवळ्या उन्हापर्यंतच्या त्या थोड्या वेळात दृश्य एकदाच घेता येते. रिटेक पुढच्या दिवाळीला.