विली नेल्सन : साधेपणा कुणाचा निर्णय?

विली नेल्सन या अमेरिकन कंट्री गायक-गीतकाराची कारकीर्द बंधनातून सुटण्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती मांडणी अपुरी वाटते. साठच्या दशकात नॅशव्हिलच्या स्टुडिओंत त्याच्या गाण्यांना व्हायोलिनांचा ताफा नि कोरस जोडला जाई. म्हणून लोक सजावटीलाच दोष देतात. पण त्यानंच लिहिलेलं ‘क्रेझी’ १९६१ साली पॅट्सी क्लाइननं गायलं, त्यातही मागे कोरस आहेच. गाणं गुदमरलं का? मुळीच नाही.

प्रश्न सजावटीचा नाही, ती ठरवतं कोण, याचा आहे. १९७५ च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ची निर्मिती नेल्सननं स्वतः केली. पूर्ण मोकळीक मिळाल्यावर त्यानं वाद्यं कमी केली. कोलंबिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते कच्चं रेकॉर्डिंग वाटलं! आणि गंमत बघा, गायक म्हणून कंट्रीच्या यादीत तो प्रथमच अव्वल ठरला, तो त्यातल्याच, पण फ्रेड रोझनं लिहिलेल्या गाण्यानं.

म्हणजे गाणं स्वतः लिहिलं की ते आपलं होतं, एवढं हे सोपं नाही. त्याचा साधेपणाही निवडलेला घाट आहे. त्याला ‘नैसर्गिक’ म्हटलं, की त्यामागचा विचारच आपण नाकारतो.